भोयर भाऊजींची सेरीनमावशी

तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब मागणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. तो माझ्या शेजारी राहतो आणि मला वहिनी म्हणतो.

सकाळी सक्करदऱ्याच्या तलावावरून फिरून आलो की आमच्या ह्यांना पोहे लागतात. त्या दिवशी भोयर भाऊजी सोबत होते. ठेलेवाल्याने पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतली. आम्ही खायला लागलो आणि भाऊजी प्लेट नाकाशी धरून तर्रीवर तरंगणाऱ्या तेलाच्या चकत्या बघत राहिले. चमच्याच्या टोकाने त्यांनी एक चकती दुसरीपाशी नेली. दोघी मिळून एक झाल्या. "पाहा वहिनी! ओळखलं एकमेकीले!" असं म्हणून ते ठेलेवाल्याकडे वळले. "भाऊ, बर्तन घासाचं साबण असन ना? एक बूंद टाका याच्यात."

साबण पडल्याबरोबर सगळं तेल कडेला पळालं. भाऊजींचा चेहरा खुलला. ठेलेवाल्याचा मात्र उतरला, कारण मागे चार गिऱ्हाइकं उभी होती आणि त्यांना वाटलं, तर्रीत काहीतरी निघालं. तेव्हापासून तो भाऊजींना कोरडेच पोहे देतो.

वामनराव भोयर. वय अडुसष्ट. आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच. हिंगण्याला साबणाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तेल कढवलं. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण पेशीच्या आवरणावर बोलायला लागले की नवख्या माणसाला वाटतं, कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक असावेत. वाटेना का, मी कशाला सांगू?

"साबणाच्या कणाले एक डोकं असते अन् एक शेपूट असते," असं त्यांचं सुरू होतं. "डोक्याले पाणी आवडते, शेपटीले पाणी चालत नाई. आपल्या पेशीचं मेंबरेन तसंच हाय. दोन रांगा. डोके बाहेरच्या बाजूनं, शेपट्या मधात. ईट नाई, सिमेंट नाई, अवं वहिनी, चरबीची भिंत हाय ही! अन् लोकाईले वाटते भिंत म्हणजे नुसती आड. सगळा कारभार तिथून चालते!"

कारभार म्हणजे निरोपांची ने-आण. बाहेरून सांगावा आला की भिंतीतलाच एक कण तुटतो आणि त्याचा तुकडा आत जाऊन वर्दी देतो. हे मला आता पाठ झालंय. आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हा लोक कारल्याचा रस सांगायला आले. भाऊजी येऊन म्हणाले, "इन्सुलिन दारावर येऊन घंटी दाबते. घंटी तर हाय. पण ज्या भिंतीत बसवली ते भिंतच बिघडली तर घंटी वाजन कशी?" ह्यांना औषध कळलं नाही, पण त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या दाराची बेल दुरुस्त करून घेतली.

या सगळ्या मंडळीत भाऊजींचा खरा जीव एका कणावर. त्याचं नाव फॉस्फॅटिडिल सेरीन. एवढं कोण म्हणणार? म्हणून भाऊजींनी तिला सेरीनमावशी केलं. भिंतीच्या दोन रांगांपैकी आतल्या रांगेत ही मावशी राहते. चुकून बाहेर आलीच तर तिला परत आत आणायला एक गडी नेमलेला आहे, त्याला दुसरं काम नाही. पण पेशी आजारी पडली, थकली, की मावशी बाहेरच्या रांगेत येऊन बसते. "मंग शरीरातल्या सफाईवाल्याले समजते, या घराचं आटोपलं. तो येऊन पेशी गिळून टाकते. ना आवाज, ना बोंब."

"मावशीनेच काहून आत बसायचं?" मी एकदा फटकारलं. "बाई आहे म्हणून?"

दोन दिवस भाऊजी फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकाशी उभे राहून अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, मी विचार केला. तिले मामा म्हणू का?"

कॉलनीच्या गणपतीत तर त्यांनी कहरच केला. इतर लोक मुलांचे नाच बसवतात. भाऊजींनी मेंबरेन बसवलं. चोवीस पोरं मांडवातल्या सतरंजीवर दोन रांगांत आडवी, पायाला पाय लावून, डोकी बाहेर. सेक्रेटरीची मुलगी नऊवारी नेसून सेरीनमावशी झाली होती. भाऊजी माइकवर समजावून सांगताहेत आणि मधल्या एका पोराला शू लागली. तो उठून पळाला, त्याच्या मागे दुसरा. "लीक झाली! पेशी लीक झाली!" भाऊजी माइकवर ओरडले. प्रेक्षकांना वाटलं हा नाटकाचाच भाग आहे. टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच पडल्या.

आता तुम्ही विचाराल, साबणवाल्या माणसाला हे खूळ लागलं कुठून? प्रणालीमुळे.

प्रणाली म्हणजे भाऊजींची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. आता एकोणतीस वर्षांची आहे, एका आर्किटेक्टकडे कॉम्प्युटरवर नकाशे काढते. तिला सिकलसेल आहे. आमच्या विदर्भात हे नाव कोणाला सांगावं लागत नाही. आई आणि बाप दोघांच्या रक्तात तो दोष अर्धा अर्धा लपलेला असला, तर एखाद्या लेकराच्या वाट्याला तो पुरा येतो. लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक शिरांमध्ये अडकते, आणि मग हाडं आतून दुखतात. ते दुखणं मी भिंतीपलीकडून ऐकलंय. त्याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

प्रणाली लहान असताना दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईने एक्स-रेच्या पाकिटावर चित्र काढून भाऊजींना सांगितलं, की पेशी पुन्हापुन्हा वाकडी झाली की तिचं आवरण खिळखिळं होतं, आतला कण बाहेर येतो आणि पेशी शिरेच्या भिंतीला चिकटायला लागते. बाईने दोन रांगा काढल्या, डोकी आणि शेपट्या. भाऊजी म्हणाले, "मॅडम, हे तर साबण झालं!" तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तकं वाचली. एका कॉलेजातल्या प्राध्यापकाला रोज स्कूटर स्टँडवर गाठायचे. शेवटी तो बिचारा बसने जायला लागला.

भाऊजींची बायको शालूताई सहा वर्षांपूर्वी गेली. तिने जाताना मला एकच सांगितलं, "पोरीचं लग्न तुम्ही जमवा. ह्यांच्याच्यानं होणार नाही." बरोबर होतं तिचं. मला लग्नं जमवायची हौस आहे, अकरा जमवलीत, त्यातली दहा टिकली. प्रणालीलाही लग्न करायचं होतं. ती मला म्हणाली होती, "काकू, मला पैसा-बिसा काही नको. माझं दुखणं खरं मानणारा पाहिजे, बस."

मी कामाला लागले. आमच्याकडे शहाणे लोक आता पत्रिकेच्या आधी सिकलसेलचा रिपोर्ट मागतात. मुलाच्या रक्तात दोष नसला तर लेकरांना आजार होत नाही. तसा रिपोर्ट पाहून मी चार स्थळं आणली. चारही भाऊजींनी घालवली. म्हणजे पाहुणे पोह्यांचा पहिला घास घेतात न घेतात, तोच हे तर्रीची वाटी पुढे ओढायचे. "आता हे पाहा. हे तेल म्हणजे समजा मेंबरेन." मग पाऊण तास. पहिल्या मुलाला घड्याळ दिसायला लागलं. दुसऱ्याच्या वडिलांना महत्त्वाचा फोन आला. तिसरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. चौथा तर हात धुवायला म्हणून उठला तो थेट मोटरसायकलवर बसला. प्रणाली हसून म्हणायची, "बाबा, माझं लग्न आहे का सेमिनार?" पण चौथ्याच्या वेळी ती हसली नाही. उठून आतल्या खोलीत गेली.

त्या दिवशी मी भाऊजींना फैलावर घेतलं. "पोरीचं वय जाऊन राहिलं आणि तुम्ही साबण घोळून राहिले! आजार सांगा, लपवा म्हणत नाही मी. पण एका वाक्यात सांगा. 'मुलीला सिकलसेल आहे, औषध चालू आहे.' बस. मेंबरेन नाही, मावशी नाही, मामा पण नाही!"

भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "हाव, वहिनी. एका वाक्यात."

पाचवं स्थळ कामठीचं. निखिल नाव, एकतीस वर्षांचा, घरचे चार पॉवरलूम, तो आणि त्याची आई दोघंच. खबरदारी म्हणून मी पोह्यांसोबत तर्री केलीच नाही. नागपुरात पाहुण्यांना कोरडे पोहे! माझ्या माहेरच्यांना कळलं असतं तर त्यांनी माझं नाव टाकलं असतं. निखिलच्या आईने पोह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग कोरडाच घास उचलला.

भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी खूण केल्यावर नोटीस वाचावी तसं म्हणाले, "मुलीला सिकलसेल आहे, औषध चालू आहे."

"हाव, ते सांगितलं होतं ह्या ताईनं," निखिलची आई म्हणाली. "पण म्हणजे काय काय होते तिले?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले.

"औषध चालू आहे," भाऊजी म्हणाले.

"ते बरोबर. पण काही जपावं लागते का? थंडीत, उन्हाळ्यात?"

घाम फुटला माणसाला. या एका प्रश्नासाठी भाऊजींनी एरवी नागपूरची वेस ओलांडली असती. "मुलीला सिकलसेल आहे," ते पुन्हा म्हणाले, "औषध चालू आहे."

बाई शहाणी होती. तिने ताटली खाली ठेवली. प्रणाली काही सांगायला पुढे सरकली तर मीच तिला चहा आणायला पिटाळलं. निखिल एकदा भाऊजींकडे, एकदा प्रणाली गेली त्या दाराकडे बघत होता. निघताना त्याची आई मला फाटकाशी बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, राग नका मानू. पण हे लोक काहीतरी लपवून राहिले असं वाटते मले. कळवतो आम्ही."

कळवतो म्हणजे काय, हे मला अकरा लग्नांत चांगलं कळलंय. मी तणतणत परत आले. खरं म्हणजे राग स्वतःचाच आला होता, पण तो काढायला समोर भाऊजी होते. ते मोरीत कपबशा विसळत होते.

"एवढं साधं विचारलं तिने, थंडीत जपावं लागतं का! तेवढं तरी सांगायचं होतं!"

"तुम्ही एक वाक्य म्हटलं होतं, वहिनी."

"मग आधीच्या चौघांना पाऊण पाऊण तास काहून पिळलं? काय मिळवलं?"

भाऊजींनी नळ बंद केला. हात पुसले. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"प्रणाली सात वर्षाची होती. सकाळी म्हणाली, बाबा, पाय दुखून राहिले, मी शाळेत नाई जात. तेव्हा बिमारीचं काही माहीत नव्हतं आम्हाले. त्या दिवशी तिची परीक्षा होती. मले वाटलं, नाटक करून राहिली. मी तिचा हात धरून तिले शाळेपर्यंत पायी चालवत नेलं. ती रडून राहिली, अन् मी म्हणून राहिलो, चाल, मले सब समजते. दुपारी शाळेतून फोन आला. पाच दिवस दवाखान्यात होती. पाच दिवसांत एकदा नाई म्हणाली पोरगी, का बाबा, मी तर सांगितलं होतं."

मी मोरीच्या कठड्यावर टेकले.

"मले काहीच समजत नव्हतं, वहिनी. म्हणून वाचत बसलो. मेंबरेन समजलं, मावशी समजली. तिचं दुखणं कमी नाई झालं त्यानं. पण ते खोटं हाय असं मी पुन्हा कधी म्हणलो नाई." त्यांनी एक कप पुन्हा पुसला, पुसलेलाच. "अन् पोराईले काहून सांगतो म्हणता? पाहतो मी. जो पोरगा माह्यासारख्याचं पाऊण घंटा ऐकून घेईन, तो तिच्या खाटेपाशी चार दिवस बसन. जो उठून जाते, त्याले जाऊ द्याचं. माह्या मागं तिचं दुखणं खरं हाय म्हणणारा एक माणूस तर पाह्यजे ना?"

इतकी वर्षं या माणसाला मी खुळा समजत होते. कॉलनीभर त्याची नक्कल करून हसवत होते. मला स्वतःची अशी लाज वाटली, की डोळे पुसून मी त्यांच्यावरच ओरडले, "हे आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"तुम्ही कधी विचारलं नाई," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात.

मी घरी येऊन थेट कामठीला फोन लावला. निखिलनेच उचलला. मी म्हटलं, "बाळा, लपवलं कोणी काही नाही. मी त्यांचं तोंड बांधून ठेवलं होतं, चूक माझी आहे. ते सगळं सांगतील. पण वेळ लागतो, तास धरून चाल. जमत असेल तर ये, नाहीतर आताच सांग."

मग तो म्हणाला, "शुक्रवारी माग बंद असतात. येतो."

शुक्रवारी तो एकटा आला. मी पातेलंभर तर्री करून नेली, वर बोटभर तेल. भाऊजींना म्हटलं, "करा सुरू." आणि भाऊजी सुटले. डोकी, शेपट्या, दोन रांगा, निरोप, मावशी, गडी, सफाईवाला. एक तास होऊन गेला. निखिलने घड्याळ पाहिलं नाही. पोहे गार झाले तरी हातात ताटली धरून ऐकत होता. कळत नव्हतं तिथे थांबवायचा. "थांबा काका, पुन्हा सांगा. ती बाहेर आल्यावर पेशी चिकटते, ते कशाला?" भाऊजी पुन्हा सांगायचे. पाणी का प्यायचं, थंडी का टाळायची, ताप आला तर घरी का थांबायचं नाही, सगळं झालं.

मग निखिल म्हणाला, "काका, एक विचारू? दुखणं सुरू झालं हे मला ओळखू कसं येणार? समजा, हिने सांगितलंच नाही तर?"

भाऊजी थांबले. इतक्या वर्षांत कोणी त्यांना मेंबरेनबद्दलसुद्धा धड प्रश्न विचारला नव्हता, आणि हा तर मुलीबद्दल विचारत होता. त्यांनी तर्रीची वाटी बाजूला सारली.

"मी सांगते," दाराशी उभी प्रणाली म्हणाली. ती येऊन बापाशेजारी बसली. "आधी माझी चिडचिड होते. काहीही बोलते. मग एकदम गप्प होते. गप्प झाले की समजायचं. तेव्हा मला काही विचारायचं नाही, फक्त जवळ थांबायचं."

"किती वेळ?" निखिलने विचारलं.

"कधी दोन तास, कधी आठवडा."

"बरं," तो म्हणाला.

मी भाऊजींच्या दंडाला धरून त्यांना उठवलं. दोघांना बोलू द्यायला पाहिजे, एवढी अक्कल मला आहे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढे रीतसर झालं, निखिलच्या आईने त्या दिवशीच्या कोरड्या पोह्यांवरून मला चारचौघांत टोमणाही मारला. पण मला आठवते ती शुक्रवारची दुपार.

भाऊजी आमच्याकडे येऊन दिवाणावर बसले. मी आत चहा टाकला. "साखर कमी टाका, वहिनी," ते बाहेरून म्हणाले. चहा गाळून आणला तर बसल्या बसल्या मान भिंतीला टेकवून घोरत झोपले होते. चष्मा तसाच. हाक मारली, ऐकली नाही. खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं तरी हलले नाहीत. मी पडदा ओढला, चष्मा काढून ठेवला.

थोड्या वेळाने प्रणाली त्यांना बोलवायला आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"झोपले?"

"हो. निखिल गेला का?"

"नाही, आहे. कप धुऊन राहिला." ती हळूच आत आली. बापाकडे बघत राहिली. "काकू, मी घरात असताना बाबा कधी गाढ झोपत नाहीत हो. मी कूस बदलली तरी पलीकडून विचारतात, काय झालं वं. मला वाटायचं, त्यांची झोपच तशी आहे."

"उठवू का?"

तिने मानेनेच नको म्हटलं. दिवाणापाशी खाली बसली. मीही बसले तिच्याशेजारी, गुडघे दुखतात तरी. भाऊजींचा चहा आम्ही दोघींनी अर्धा अर्धा पिऊन टाकला, आणि आवाज व्हायला नको म्हणून कप खाली न ठेवता मांडीवरच धरून बसलो.